लेख, साल आणि कस : जुन्या नाण्यांचा खरेपणा ओळखण्याची रीत

टिपू सुलतान ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या लढाईत मारला गेला. त्या दिवशी हिजरी सन १२१३ चालू होता. असे असूनही त्याच्या टांकसाळीतील रुपयांवर १२१५ आणि त्यापुढची साले आढळतात. हिजरी १२१५ हे साल इ. स. १८०० च्या मे महिन्यात, म्हणजे टिपूच्या मृत्यूनंतर वर्षाने सुरू झाले. केवळ आकड्यावर भिस्त ठेवणारा पारखी असे नाणे बनावट ठरवून बाजूला टाकील. किंबहुना तो आकडाही त्याला नीट वाचता येणार नाही, कारण नाण्यावर तो उजवीकडून डावीकडे लिहिलेला असल्याने डोळ्यांना ५१२१ असा दिसतो. वस्तुतः हे नाणे अस्सल असते. १७८७ पासून टिपूने हिजरतीऐवजी प्रेषितांच्या जन्मापासून मोजलेला मौलूदी सन सुरू केला आणि आकडे उजवीकडून लिहिण्याची पद्धत घातली. मौलूदी १२१५ म्हणजे इ. स. १७८७-८८. हे ठाऊक असणाऱ्याला सालाचा घोळ उरत नाही. उलट तेच साल खरेपणाची खूण ठरते.

याच्या अगदी उलट प्रकारही बाजारात दिसतो. काबा आणि मदिनेची मशीद यांची चित्रे असलेले व १४५० हा आकडा वागवणारे धातूचे तुकडे ‘पुरातन नाणे’ म्हणून मोठ्या किमतीला विकले जातात. हा आकडा इसवी सनाचा मानला तर त्या काळी असे चित्रमय नाणे पाडणारी कोणतीही टांकसाळ हिंदुस्थानात नव्हती. हिजरी मानला तर १४५० हे साल इ. स. २०२८ मध्ये सुरू होते. येथे साल स्वच्छ वाचता येते, लेख श्रद्धेचा आहे, धातू जुना दिसतो, आणि तरीही ते नाणे नव्हे.

या दोन उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. नाण्याचा खरेपणा एका खुणेवरून ठरत नाही. लेख, साल, टांकसाळ, वजन, धातू आणि घडण यांची एकमेकांशी साक्ष जुळवावी लागते. या साक्षीपैकी पहिली साक्ष लेखाची, आणि ती घेण्यासाठी फारसी लिपी वाचता आली पाहिजे. मोगल, आदिलशाही, निजामशाही, आसफजाही एवढेच नव्हे, तर मराठा संस्थानांच्या बहुसंख्य रुपयांवरील मजकूरही त्याच लिपीत आहे. प्रस्तुत लेखात या परीक्षेची रीत, तिचा इतिहास आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

भाषेत उरलेली पारख

नाणे पारखणे हे आपल्याकडे स्वतंत्र काम होते. मराठी मुलखात ते पोतदार करीत असे. सरकारी वसुलात आलेले प्रत्येक नाणे पाहून खरे-खोटे, हलके-भारी ठरवणे ही त्याची जबाबदारी. ‘पोतदार’ हा शब्द फारसी ‘फोतादार’वरून आला आणि ‘सराफ’ हा अरबी ‘सर्राफ’वरून. आज हे दोन्ही शब्द आडनावे म्हणून उरले आहेत. या धंद्याने मराठीला जे वाक्प्रचार दिले, त्यांतच परीक्षेच्या पद्धती साठवल्या आहेत. नाणे दगडावर आपटून नाद ऐकायचा, म्हणून ‘खणखणीत नाणे’. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून शुद्धता पाहायची, म्हणून ‘कसाला लागणे’ आणि ‘हिणकस’. रुपया मोडलेला नाही, म्हणून ‘बंदा रुपया’. आणि दर्शनी किमतीतून सराफ जी रक्कम कापून घेई तो ‘बट्टा’. ‘नावाला बट्टा लागणे’ हा प्रयोग तेथूनच आला.

बट्ट्याचा हिशेब समजल्याशिवाय जुन्या नाण्यांची पारख समजत नाही. मोगल काळात एकाच वजनाच्या आणि एकाच कसाच्या रुपयांचे सराफी बाजारात तीन भाव असत. नुकताच पाडलेला तो ‘सिक्का’. चालू बादशहाच्याच पण आधीच्या वर्षांतील तो ‘चलनी’. आणि आधीच्या बादशहांच्या कारकिर्दीतील तो ‘खजाना’. नाणे जितके जुने, तितके ते हाताळून झिजलेले असणार, हे त्यामागचे गृहीतक. त्यामुळे नाण्यावरील साल हा केवळ इतिहासाचा पुरावा नव्हता, तर त्यावर नाण्याची किंमत ठरत होती. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त टांकसाळीचे दारोगा, सराफ, वजन करणारे, धातू गाळणारे अशा कामगारांची सविस्तर माहिती आहे. झिजलेल्या मोहरेचे मोल घटीच्या प्रमाणात पायरीपायरीने कमी कसे धरावे आणि ठरावीक मर्यादेपलीकडे ते नाणे न मानता नुसते सोने कसे समजावे, हेही तेथे नोंदले आहे. त्याही आधी १३१८ साली दिल्लीच्या टांकसाळीशी संबंध असलेल्या ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याने ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांतील धातूचे प्रमाण आणि त्यांचे मोल हा त्याचा विषय आहे. यावरून या विद्येची परंपरा किती जुनी आणि धर्मभाषांच्या सीमा ओलांडणारी होती हे दिसून येते.

या परंपरेने एक भेद स्पष्ट राखला होता. झिजलेले नाणे वेगळे, कापून-घासून हलके केलेले वेगळे, आणि मुळातच खोटे पाडलेले वेगळे. आजच्या परीक्षेतही हे तीन प्रश्न वेगवेगळेच विचारावे लागतात.

नाव, साल आणि टांकसाळ

मोगल रुपयाच्या एका बाजूला सामान्यतः बादशहाचे नाव व हिजरी साल आणि दुसऱ्या बाजूला ‘जुलूस’ म्हणजे राज्यारोहणाचे वर्ष व टांकसाळीचे नाव असते. ‘जुलूस मैमनत मानूस’ हे शब्द ओळखीचे झाले की बाकीचा मजकूर लावणे सोपे जाते. पहिले वर्ष बहुधा आकड्यात न देता ‘अहद’ या शब्दाने लिहिलेले असते. अकबर, जहांगीर व शाहजहान यांच्या अनेक नाण्यांवर कलिमा आहे. नाणी कोणाच्याही हातात जातात व पायदळी येतात, म्हणून औरंगजेबाने तो नाण्यांवर घालणे बंद केले. तेव्हा औरंगजेबाचे नाव आणि कलिमा एकत्र दिसले, तर नाणे पुन्हा तपासले पाहिजे.

हिजरी साल आणि जुलूस वर्ष यांची जोडी ही सर्वांत उपयोगी कसोटी होय. औरंगजेबाचे राज्यवर्ष १ रमजान १०६८ पासून मोजले जाते. त्यामुळे त्याचे तिसावे वर्ष रमजान १०९७ ते शाबान १०९८ असे येते. १०९८ या सालाबरोबर ३० किंवा ३१ हा जुलूस आकडा बसतो. ४० बसत नाही. ठसे उचलून निरनिराळ्या नाण्यांच्या दोन बाजू एकत्र करणाऱ्या बनावटकाराच्या लक्षात हा हिशेब बहुधा राहत नाही.

तिसरी साक्ष टांकसाळीची. विजापूर १६८६ साली मोगलांच्या हाती आले आणि मोगल नाण्यांवर ते ‘दारुज्जफर बिजापूर’ या नावाने येऊ लागले. औरंगजेबाच्या नावाचा, विजापूर टांकसाळीचा पण हिजरी १०८० सालचा रुपया समोर आला, तर इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. परंतु हाच नियम गोवळकोंड्याला सरसकट लावता येत नाही. १६३६ च्या तहाने कुतुबशहाने शाहजहानच्या नावाचा खुतबा व सिक्का मान्य केला होता. त्यामुळे ते राज्य १६८७ साली बुडण्यापूर्वीचीही मोगल नावाची गोवळकोंडा नाणी अस्सल असू शकतात. राजकीय घडामोडी ठाऊक नसतील, तर नाण्यावरील अचूक वाचनही उपयोगाचे ठरत नाही.

टांकसाळींची नावे वाचताना शहरांची जुनी नावे माहीत असावी लागतात. औरंगाबाद नाण्यांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ होते, हैदराबाद ‘फर्खुंदा बुनियाद’, पुणे ‘मुहियाबाद’ आणि इंदूर ‘मल्हारनगर’. बेळगावचे मोगलकालीन नाव आझमनगर होते. अशा नावांच्या आधारे आपल्याच परिसराचा इतिहास नाण्यांतून वाचता येतो.

लेख जुळत नाही, तरी नाणे खरे

वरील कसोटी यांत्रिकपणे लावली, तर अनेक अस्सल नाणी खोटी ठरतील. याचे सर्वांत बोलके उदाहरण बंगालच्या सिक्का रुपयाचे व मोहरेचे आहे. दुसरा शाह आलम हिजरी ११७३ मध्ये गादीवर आला. त्याचे एकोणिसावे वर्ष ११९१-९२ च्या सुमारास येते. तरीही ईस्ट इंडिया कंपनीच्या मोहरेवर हिजरी १२०२ आणि जुलूस १९ असे न जुळणारे आकडे आढळतात. ही चूक नव्हे की लबाडीही नव्हे. सराफ जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा कापत आणि दर वर्षी कालचा सिक्का आज चलनी होई. हा भेद मिटावा म्हणून कंपनीने नाण्यावरील वर्ष १९ वर गोठवून टाकले आणि १७९३ साली ‘एकोणीस सन’ सिक्क्यालाच बंगालमध्ये कायदेशीर मान्यता दिली. साल बदलेनासे झाले, म्हणजे सालावरून कापायचा बट्टाही राहिला नाही. न जुळणारे आकडे येथे एका आर्थिक धोरणाचा पुरावा आहेत.

मराठा संस्थानांची नाणी वाचताना हे अधिकच ध्यानात ठेवावे लागते. होळकरांच्या मल्हारनगरच्या रुपयांवर शाह आलमचे नाव त्याच्या मृत्यूनंतर (१८०६) अनेक दशके चालू राहिले. होळकरांचे राज्य ओळखायचे ते सूर्यमुखावरून आणि अहिल्याबाईंशी निगडित शिवलिंग-बिल्वपत्राच्या खुणांवरून. बडोद्याच्या रुपयांवर फारसीत मुहम्मद अकबर बादशहाचे नाव आणि त्याच मजकुरात नागरीत गायकवाड राजाच्या नावाचे अक्षर, अशी दोन लिप्यांची सोबत दिसते. १८५७ नंतर बादशहाचे नाव गेले आणि तेथे ‘सेना खास खेल शमशेर बहादुर’ हा गायकवाडांचा किताब फारसी लिपीतच आला. पुण्याच्या अंकुशी रुपयांवर फसली साल आहे. दख्खनच्या फसलीत सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येतो. तेव्हा १२४० हे साल हिजरी समजून वाचले तर इ. स. १८२४-२५ निघते, फसली समजून वाचले तर १८३० च्या आसपास. नागरी लेख असलेल्या शिवराईचीही हीच गोष्ट आहे. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढे वाचून प्रत्येक शिवराई शिवाजी महाराजांच्या काळातील समजली जाते. परंतु हे लोकप्रिय तांब्याचे नाणे त्याच लेखाने पेशवाईत आणि तिच्यानंतरही पाडले जात होते. अशी उत्तरकालीन शिवराई खोटी नसते. तिचा काळ सांगणारा चुकलेला असतो.

हैदराबादच्या नाण्यांवरील ९२ हा आकडाही असाच अनेकांना चकवतो. १८५८ नंतर तेथील नाण्यांवरून मोगल बादशहाचे नाव जाऊन आसफजाहचे नाव आले आणि त्याच्याजवळ ९२ हा आकडा दिसू लागला. हे साल नव्हे. अब्जद पद्धतीने मीम ४०, हे ८, मीम ४० आणि दाल ४ अशी बेरीज केली की ‘मुहम्मद’ या नावाचा आकडा ९२ होतो. पुढे चारमिनारचे चित्र असलेल्या यंत्रावरील नाण्यांत कमानीच्या दारात महबूब अली खान यांच्यासाठी ‘मीम’ आणि उस्मान अली खान यांच्यासाठी ‘ऐन’ हे अक्षर आले. साल आणि हे अक्षर एकमेकांशी जुळते की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

अपुरा लेख हाही दोष समजू नये. हाताने पाडलेल्या नाण्यात ठसा मोठा आणि धातूचा तुकडा लहान असे, त्यामुळे टांकसाळीचे नाव किंवा साल पुष्कळदा तुकड्याबाहेर राही. कोकणपट्टीवर चालणाऱ्या आदिलशाही लारीवर, म्हणजे मुडपलेल्या चांदीच्या तारेवर, तर लेखाचा एखादा तुकडाच उमटतो. याउलट अठराव्या शतकातील साध्या चलनी रुपयावर सगळा मजकूर कडेपर्यंत रेखीव उतरला असेल, तर अधिक सावध व्हावे. नजराण्यासाठी पाडलेली रुंद नाणी हा याला अपवाद आहे.

झिजलेली, टोचलेली आणि माळेतील नाणी

खरेपणा ठरल्यावर स्थितीचा प्रश्न येतो. मोगल रुपयांवर फुली, ठिपका, चांदणी अशा बारीक ठोक्यांच्या खुणा दिसतात. त्या सराफांच्या आहेत. वरचा थर भेदून आत तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी किंवा आपण तपासल्याची निशाणी म्हणून त्या केल्या जात. संग्राहकाच्या दृष्टीने त्यामुळे किंमत घटते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते नाणे बाजारात फिरले आणि पारखले गेले याची ती पावती आहे.

कडेवर डागाची जागा किंवा भरलेले भोक असेल, तर नाणे दागिन्यात होते असे समजावे. नाण्यांच्या माळा घालण्याची चाल सर्व समाजांत होती. व्हेनिसची सोन्याची डुकॅट आपल्याकडे पुतळी म्हणून इतकी आवडली, की देशी कारागिरांनी तिच्या प्रतिकृती केल्या. त्यांच्यावरील लॅटिन अक्षरे निरर्थक असतात, कारण करणाऱ्याने ती न वाचता केवळ नक्षी म्हणून उतरवली. डुकॅट म्हणून ती खोटी, परंतु दागिना म्हणून खरी आणि पुष्कळदा सोनेही चोख. हेतू फसवणुकीचा नसताना ‘बनावट’ हा शब्द जपून वापरावा.

नाण्याचे सर्वाधिक नुकसान बहुधा घरातच होते. चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासण्याची पूड यांनी उजळवलेले नाणे वरच्या थरासह अक्षरांची धार गमावते. काळाने चढलेला गडद थर हा मळ नसून संरक्षण आहे, आणि खरेपणाचा एक साक्षीदारही. तो घालवला की नंतर येणाऱ्या जाणकाराचे काम अवघड होते.

साल बदललेली नाणी

तिसरा प्रकार फेरफाराचा. येथे नाणे टांकसाळीचेच असते, फक्त त्याचे दुर्मिळपण खोटे असते. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया याचे चांगले उदाहरण आहे. राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड आखूड दिसल्याने तो डुकरासारखा वाटतो, अशी तक्रार झाली. हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांत नाराजी पसरल्याने ते नाणे आवरते घेण्यात आले आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारले. त्यामुळे १९११ चा रुपया मोलाचा ठरला आणि नंतरच्या रुपयांवरील शेवटचा आकडा घासून १९११ करण्याची युक्ती निघाली. अशा नाण्यात आकडा पाहू नये, हत्ती पाहावा. साल १९११ आणि हत्ती सुधारलेला असेल, तर आकड्याला हात लागला आहे हे निश्चित.

१९३९ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयाची तपासणी कसावरून होते. १८३५ च्या कायद्याने ठरलेला रुपया १८० ग्रेन (सुमारे ११.६६ ग्रॅम) वजनाचा व बारा भागांत अकरा भाग चांदीचा होता. हा कस १९३९ पर्यंत टिकला. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली. १९४० चे नाणे बदलून १९३९ केले, तर धातू ते उघडे पाडतो. १९३८ चे बदलले असेल, तर धातूचा उपयोग नाही. तेथे भिंगाखाली शेवटच्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग, त्यावरील ओरखडे व आकड्याची ठेवण यांवरच निर्णय करावा लागतो.

मुळातच खोटी नाणी

बनावट नाणे त्याच्या काळातलेही असू शकते. मुहम्मद बिन तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याऐवजी पितळ-तांब्याची प्रतीक नाणी काढली. दौलताबादच्या टांकसाळीतूनही ती निघाली. धातू स्वस्त आणि ठसा सोपा असल्याने खोट्या नाण्यांचा पूर आला आणि थोड्याच वर्षांत ती मागे घ्यावी लागली, असे झियाउद्दीन बरनीच्या तारीखेवरून कळते. सरकारी आणि खोट्या नाण्याचा धातू एकच असल्याने कसोटीचा दगड तेथे निरुपयोगी होता. आज अशी समकालीन खोटी नाणीही त्या प्रयोगाच्या अपयशाचा पुरावा म्हणून मोलाची आहेत.

आजच्या बनावटीत ओतीव नाणी पुष्कळ असतात. अस्सल नाण्याचा साचा करून धातू ओतला, की लेख, साल, टांकसाळ सारे बरोबर उतरते आणि वाचनाची कसोटी थकते. येथून पुढचे काम हात, कान, भिंग आणि तराजू यांचे. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, कडेला दोन साच्यांच्या सांध्याची रेघ किंवा ती घासल्याचे चिन्ह सापडते. एकाच खुणेचे, एकाच जागी ओरखडा असलेले दोन रुपये मिळाले, तर दोन्ही एकाच साच्यातून आले असे समजावे. जहांगीरच्या राशिचिन्हांच्या मोहरा व रुपये (राज्यवर्ष १३ पासून, इ. स. १६१८) आणि शिवाजी महाराजांचा होन यांना मागणी फार, म्हणून त्यांच्या नकलाही फार. अशी नाणी सहजासहजी मिळत नाहीत, एवढे भान पहिल्या संशयाला पुरे.

धातूची परीक्षा नाण्याला ओरखडा न काढता करता येते. नाणे आधी हवेत तोलावे, नंतर दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलावे. हवेतील वजनाला पाण्यात झालेल्या घटीने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. समजा, रुपया हवेत ११.४० ग्रॅम भरला आणि पाण्यात १.१० ग्रॅमने हलका झाला, तर भागाकार १०.३६ येतो. शुद्ध चांदीचा आकडा सुमारे १०.५, तांब्याचा ८.९६ आणि सोन्याचा १९.३ आहे, म्हणून १०.३६ हा चांगल्या चांदीच्या रुपयाला शोभणारा आकडा होय. ८.५ च्या आसपास आकडा आला, तर आत पितळेसारखा धातू आहे. मात्र शिसे चांदीहून जड असल्याने त्याच्या भेसळीने हा आकडा फसवू शकतो; म्हणून ही कसोटीही एकटीने पुरेशी नाही. हे तत्त्व आर्किमिडीजपासून माहीत असले, तरी त्याचे काटेकोर शास्त्र अल-बिरूनीने मांडले, आणि मर्वच्या अल-खाझिनीने ‘मीझान अल-हिकमा’ (हिजरी ५१५) या ग्रंथात शुद्ध व मिश्र धातू ओळखणाऱ्या जलतुलेचे वर्णन केले. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग तासाभरात होण्यासारखा आहे.

शेवटचा वर्ग कधीच नाणी नसलेल्या तुकड्यांचा. रामदरबाराचे चित्र असलेल्या ‘रामटंका’ मुद्रा देवघरासाठी केल्या जातात. १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव घालून त्यावर राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान दाखवणारे तुकडेही फिरतात. अशी नाणी कंपनीने कधीही पाडली नाहीत. प्रारंभी उल्लेखिलेले काबा-मदिनेचे तुकडे याच जातीचे. ते श्रद्धेने घरात ठेवण्यात गैर काही नाही. परंतु त्यांत चमत्कारी शक्ती आहे, ते तांदूळ ओढतात, त्यांना परदेशात कोट्यवधी रुपये मिळतात, अशा थापा मारून दोन्ही समाजांतील भोळ्या माणसांची बचत लुबाडली जाते. श्रद्धेचे चिन्ह पुढे केले की माणूस प्रश्न विचारीत नाही, हे फसवणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

समारोप

हे ज्ञान केवळ संग्राहकांच्या कामाचे नाही. एखाद्या घरातील जुनी पेटी उघडते, तेव्हा तीत खापरपणजोबांच्या वेळचे पाच-सहा रुपये असतात. लेख वाचता न आल्याने ते चांदीच्या भावाने मोडीत जातात, किंवा कोणा ठकाच्या सांगण्यावरून निरर्थक तुकड्यापायी घरची पुंजी जाते. दोन्ही प्रसंगी नुकसानीचे मूळ एकच, वाचणारा जवळ नसणे. जमिनीत सापडलेल्या नाण्यांबाबत तर कायद्याचीही जबाबदारी आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. ठेव सापडली त्या स्थितीत, न धुता, न वाटता राहिली, तरच कोणती नाणी एकत्र चालत होती हे अभ्यासकाला कळते.

महाविद्यालयात याची सुरुवात लहान प्रमाणात करता येईल. उर्दूच्या विद्यार्थ्याला लिपी येते, इतिहासाच्या विद्यार्थ्याला राजवटी ठाऊक असतात, मराठीच्या विद्यार्थ्याला नागरी अक्षर व बट्टा-कसाचे शब्द कळतात आणि विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला तराजू हाताळता येतो. बडोद्याचा एकच रुपया या चौघांपुढे ठेवला, तर फारसीतील बादशहा, नागरीतील गायकवाड, सराफाचा ठोका आणि चांदीचा कस यांचे वाचन चौघांना मिळूनच करावे लागेल. प्रत्येकाने आपली नोंद वेगळी लिहावी : नाव, हिजरी साल, जुलूस, टांकसाळ, वजन, विशिष्ट गुरुत्व, खुणा. मग त्या नोंदी शेजारी ठेवून जुळतात काय ते पाहावे. न जुळल्यास नाण्याला लगेच खोटे न म्हणता ‘का?’ असे विचारावे. पूर्वीचा पोतदार वसुलाच्या चटईवर बसून हेच करीत असे.